कारण राखून ठेवले आहे

घरात झोपेत बाळ गेलं की पहिला कागद पोलिसांचा होतो, दवाखान्याचा नाही. धाकटी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोपरखैरण्याला आली होती. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, त्यातून मिळालेलं हे घर. भाची अडीच महिन्यांची. पहाटे दूध पिऊन झोपली, आणि सकाळी आईनं अंघोळीसाठी उचलायला हात घातला तर अंग गार. जवळच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “मला दाखला देता येणार नाही. पालिकेच्या हॉस्पिटलला न्या. तिथं पोलीस येतील, घाबरू नका.” दाजी कराडहून निघाले होते. त्यामुळं पुढचे सगळे कागद मामाच्या, म्हणजे माझ्या वाट्याला आले.

त्या डॉक्टरांचा तेव्हा फार राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला (नमुना ४-अ) शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. इथं आजारच नव्हता. चार दिवसांपूर्वी लस दिली त्या रात्री थोडा ताप आला होता, सकाळी उतरला, एवढंच. अशा वेळी कुणी ओळखीखातर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं खरडून दिलं असतं तर आमचं त्या दिवसाचं काम सोपं झालं असतं आणि पुढचं सगळं अवघड.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. त्यांच्या बोलीत एडीआर. १ जुलै २०२४ पासून ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं. “हा गुन्हा नाही, नुसती नोंद आहे,” हे हवालदारांनी स्वतःहून सांगितलं. मीही दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होतो. तरी कॉलनीत ‘केस झाली’ एवढंच पोचलं.

मग पोस्टमॉर्टेम. वडील हात जोडून उभे राहिले, एवढ्याशा जिवाला कापू नका म्हणून. कॉलनीतले दोघं-तिघं वजनदार गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, साहेबांना एक फोन टाकतो, टळेल. माणसं मनानं चांगली होती, आमच्यासाठीच धडपडत होती. फोन करू नका म्हणताना मला काही फार कळत होतं अशातला भाग नाही. एवढंच वाटलं की आज हे टाळलं तर ‘नक्की काय झालं’ हा प्रश्न आयुष्यभर आमच्या घरात जेवायला बसेल. एडीआरमध्ये नातेवाइकांची संमती लागतही नाही, हे मागाहून कळलं. संध्याकाळी बाळ ताब्यात मिळालं. एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

प्राथमिक अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं: मत राखून ठेवले आहे. व्हिसेरा (आतल्या अवयवांचे भाग) आणि पेशींचे नमुने तपासणीला पाठवलेत, ते आल्यावर अंतिम मत. दाजींनी तो कागद चार वेळा उलटापालटा केला. मागच्या बाजूला काही असेल असं त्यांना वाटत होतं.

पंचनाम्याला पोलीस घरी आले तेव्हा दोन पंच हवे होते. शेजारचे काका आणि नाक्यावरचा इस्त्रीवाला उभे राहिले. खोलीची लांबी-रुंदी घेतली, पलंग कुठं, खिडकी कुठं, पंखा चालू होता का. फौजदार सांगत होते आणि हवालदार लिहीत होते: सुती गोधडी एक, दुपटी तीन, झबलं, तेलाची वाटी, राईची लहान उशी एक, खिडकीच्या कठड्यावर. मी मनात म्हटलं, ही कसली यादी करताय. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली.

त्यानंतर हवालदारांनी धाकटीला विचारलं, “पहिलीच मुलगी ना? घरात कुणाची नाराजी होती का?”

दाराशी बायका उभ्या होत्या. धाकटीनं वर पाहिलंच नाही. तिच्या सासूबाई तेव्हाच पोचल्या होत्या, अजून पायातली चप्पलही काढली नव्हती, त्यांनी हे ऐकलं.

हा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं मुलींचं काय काय झालेलं आहे ते पाहता तो विचारावाच लागतो. पण तो कुणी, कुठं, कुणादेखत विचारायचा याला काही रीत नसावी? दुसरीकडं ती बसवावी लागलेली आहे, आणि तीही एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त झाल्यावर. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन बाळं अशीच गेली. १९९९ साली त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. एका नामांकित बालरोगतज्ज्ञानं कोर्टात सांगितलं होतं की अशा घरात दोन बाळं आपोआप जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नाही असं गृहीत धरून केलेला तो गुणाकार होता, आणि तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये तो जाहीरपणे खोडून काढला. २००३ मध्ये त्या सुटल्या, २००७ मध्ये वारल्या. या आणि अशाच खटल्यांनंतर हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिनं २००४ मध्ये पद्धत घालून दिली: पोलीस आणि बाळांच्या आरोग्यातला जाणकार यांनी मिळून काम करायचं, घराची पाहणी मिळून, लवकरात लवकर, सगळे अहवाल आल्यावर एकत्र बसून चर्चा, आणि त्यातून काय निघालं ते आईवडिलांना कुणीतरी समोर बसून सांगायचं. हे सगळं मी नंतर रात्री-रात्री वाचलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त सासूबाईंचा चेहरा होता.

कारण त्यांनी पंचनाम्यातला एकच शब्द धरला. उशी. “बाळाच्या डोक्याखाली राईची उशी होती. नाकातोंडावर आली असणार. तुमच्या आईला काही कळू नये?” डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आमच्याकडं सगळ्या बाळांना देतात, त्यांच्याकडंही देतात. आई त्या दिवसापासून गप्प झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, ओट्याशी उभ्यानंच दोन घास खायची.

बाहेर दुसरीच चर्चा होती, लसीची. दहाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा. चार दिवसांत बाळ गेलं म्हणजे लसच, असं अर्ध्या कॉलनीनं ठरवून टाकलं आणि पुढच्या सत्राला दोन-तीन आयांनी बाळं आणलीच नाहीत. आशाताईंच्या पोटात गोळा. आरोग्य केंद्रानं लसीनंतरच्या घटनेचीही वेगळी नोंद केली, त्याची समिती वेगळी, फॉर्म वेगळा. तिथल्या मॅडमनी मला नीट समजावलं. बाळं अशी अचानक जाण्याचं प्रमाण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतं, आणि आपल्या लसी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात येतात. वय एकच, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. लस घेतलेल्या बाळांत हा धोका उलट कमी आढळलाय. मला पटलं. कॉलनीला पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम आशाताईंनी दारोदार फिरून केलं आणि त्याबद्दल कुणी त्यांचं नावही घेतलं नाही.

एक गोष्ट कुठल्याच फॉर्मात नव्हती. दूध. तिसऱ्या दिवशी धाकटीची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप. मी पुरुषमाणूस, मला कोण सांगणार. माझ्या बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. आईनं मोगऱ्याच्या कळ्या आणवून बांधल्या. एका शेजारणीनं कोबीची पानं फ्रिजमध्ये गार करून आणली. दुसरी म्हणाली, सगळं पिळून काढ. आशाताईंनी फोनवर एएनएम सिस्टरना विचारलं: सगळं काढायचं नाही, नाहीतर आणखी येतं, ठणका कमी होण्यापुरतं काढायचं, गार पट्ट्या, ताप उतरला नाही तर लगेच दाखवायचं. एवढीच चार वाक्यं. पण हॉस्पिटलात त्या दिवशी आमच्या भोवती डॉक्टर, नर्स, पोलीस इतकी माणसं असून ती कुणी सांगितली नव्हती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. बाळ गेलेल्या काही आया तिथं दूध देतातही म्हणे. धाकटीनं दिलं असतं की नसतं, सांगता येत नाही. विचारायला तर हवं होतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणून स्मशानाची पावती आणि पोलिसांचं पत्र घेऊन विभाग कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, “बारसं झालं होतं?” झालं होतं. “जन्मनोंदीत नाव घातलंत?” नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामीच होती. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, म्हणून सावकाश घालू असं चाललं होतं. त्या म्हणाल्या, “आधी तो अर्ज द्या. मग मृत्यूचा दाखला. नाहीतर ‘बेबी ऑफ’ म्हणून येईल, आणि नंतर आईवडिलांना वाईट वाटतं.” त्यांनीच अर्ज काढून दिला. अक्षर नीट काढा, म्हणाल्या, नावात चूक झाली तर दुरुस्तीला फार फिरावं लागतं. दोन्ही दाखले हातात आल्यावर दाजींनी पहिल्यांदा मृत्यूच्या दाखल्यावर कारण शोधलं. ते तिथं छापतच नाहीत. १९६९ च्या कायद्यानंच बंदी आहे.

रजेचं थोडक्यात सांगतो. धाकटी पुण्यात खासगी कंपनीत. तिच्या ऑफिसातून पंधरवड्याच्या आत ‘कधी रुजू होणार’ अशी विचारणा आली. केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२२ ला आदेश काढलाय, बाळ जन्मतःच किंवा २८ दिवसांच्या आत गेलं तर ६० दिवसांची खास रजा. पण तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांना. आमचं बाळ अडीच महिन्यांचं आणि नोकरी खासगी. बाळ गेलं म्हणून आईची २६ आठवड्यांची रजा मधेच कापावी असं प्रसूती लाभ कायद्यात मला कुठं दिसलं नाही. तसं लिहून पाठवलं. मग विचारणा थांबली.

आरोग्य खात्याची माणसं आली ती बऱ्याच दिवसांनी. पाच वर्षांखालचं मूल दगावलं की त्याचा आढावा घ्यायचा, अशी २०१४ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: आशा कळवते, एएनएम प्राथमिक चौकशी करते, मग घरी येऊन सविस्तर मुलाखत होते, तिला इंग्रजीत व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. मॅडम, सिस्टर आणि आशाताई अशा तिघी आल्या. आणखी एक चौकशी म्हणून मी दारातच आडवा होणार होतो. पण मॅडमनी आधी चप्पल काढली, पाणी मागितलं आणि दारातल्या बायकांना गोड बोलून घालवून दिलं.

फॉर्म लांबलचक. ताप किती, खोकला होता का, झटके आले का, दूध ओढत होती का. काही प्रश्न मॅडम फॉर्माबाहेरचेही विचारत होत्या: उताणी होती की कुशीवर, कुणाशेजारी, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, मिसरी लावतं का. त्या फॉर्मात एक मोकळी जागा आहे, जे घडलं ते घरच्यांच्या शब्दांत लिहायला. सिस्टरनी पेन सरसावलं आणि म्हणाल्या, “आदल्या संध्याकाळपासून सांग. घाई नाही.”

धाकटी बोलायला लागली. इतके दिवस तिला सगळ्यांनी ‘रडू नकोस’ आणि ‘आठवू नकोस’ एवढंच सांगितलं होतं. तिनं संध्याकाळची धुरी सांगितली, रात्री पंख्याची सगळ्यात कमी गती सांगितली, बाळाला कुठली झबली आवडत नव्हती ते सांगितलं. सिस्टर लिहीत होत्या. जागा संपली, त्यांनी पाठकोरा कागद जोडला. आणि मधेच ती म्हणाली, “रात्री दूध टाकलं तिनं, उशी भिजली. मी उशी काढून खिडकीत वाळत टाकली. मग नुसत्या गोधडीवर उताणी झोपवली.”

मी उठून कपाटातनं पंचनाम्याची नक्कल आणली. राईची लहान उशी एक, खिडकीच्या कठड्यावर. मॅडमनी ती ओळ वाचली, परत वाचली. “हे आमच्याकडं येत नाही,” त्या म्हणाल्या. “पोलिसांचे कागद आम्ही बघत नाही, आमचे पोलीस बघत नाहीत.”

खरी मेख हीच आहे असं माझं मत झालंय. अचानक अर्भक मृत्यू हे निदान करायला तीन गोष्टी लागतात: संपूर्ण शवविच्छेदन, जागेची पाहणी, आणि बाळाचा नि घराचा पूर्ण वृत्तांत. तिन्हींत काही सापडलं नाही तरच ते नाव द्यायचं. आपल्याकडं तिन्ही गोष्टी होतात. आमच्या बाळाच्या झाल्या, आणि बऱ्या झाल्या. पण एक शवागारात, एक पोलीस ठाण्यात, एक आरोग्य केंद्रात. त्या एका टेबलावर याव्यात म्हणून कुणाचीच नेमणूक नाही. म्हणून ते निदान आपल्याकडं क्वचितच लिहिलं जातं, आणि जे लिहिलंच जात नाही त्याचं धोरण कोण करणार? २०२० च्या आकडेवारीत देशाचा अर्भक मृत्युदर हजारी २८, महाराष्ट्राचा १६. तो खाली आलाय तो कुणीतरी मोजून, कारणं लावून कामं केली म्हणूनच.

अंतिम अहवाल आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. विष नाही, संसर्ग नाही, इजा नाही, जन्मजात दोष आढळला नाही. निश्चित कारण सांगता येत नाही. एडीआर बंद करायला पोलिसांना तेवढं पुरे होतं. मी तो अहवाल, पंचनामा, लसीचं कार्ड अशी सगळी थप्पी घेऊन ठाण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. बरोबर दाजी, धाकटी, आणि मुद्दाम सासूबाई. डॉक्टरांनी सगळं वाचलं. म्हणाले, तिन्ही कागद एकत्र ठेवून बघणारा मी पहिलाच दिसतोय.

त्यांनी सांगितलं ते असं: बाळाच्या आत कुठंतरी न दिसणारी कमजोरी, वयाचा नाजूक टप्पा, आणि बाहेरचा एखादा बारीकसा ताण, या तीन गोष्टी एका वेळी जुळल्या की असं होतं, अशी १९९४ पासूनची मांडणी आहे. पहिल्या दोन आपल्या हातात नाहीत. तिसरीवर जगानं काम केलं. पूर्वी अमेरिका-इंग्लंडात डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात पालथं झोपवणं, आईचं धूम्रपान आणि अंगावर दूध नसणं हे धोके ठळक दिसले. इंग्लंडनं १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेनं १९९४ मध्ये ‘उताणं झोपवा’ मोहीम काढली, आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं सांगणं.

सासूबाईंनी विचारलं, “आणि उशी?”

“पुढच्या बाळाला देऊ नका. कुठल्याच बाळाला देऊ नका, राईची नको नि कापसाचीही नको. पण ह्या बाळाच्या डोक्याखाली त्या रात्री उशी नव्हती. हे पोलिसांनी लिहिलंय आणि तिच्या आईनंही सांगितलंय, एकमेकांना न विचारता.”

घरी आल्यावर सासूबाई ओट्याशी गेल्या आणि आईला म्हणाल्या, “विहीणबाई, बसून जेवा.” माफी वगैरे काही नाही. आमच्याकडं तेवढंच होतं.

धाकटीला झोप येत नव्हती, ते मात्र चालूच राहिलं. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी लावून दिला. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिकडच्या बाई तासभर बोलल्या आणि मानसोपचार डॉक्टरांना एकदा भेटा म्हणाल्या. आईनं एवढंच ऐकलं आणि पांढरी पडली: “ठाण्याला नेणार तिला?” आमच्या पिढ्यांना ठाणं म्हटलं की ते १९०१ सालचं मनोरुग्णालयच आठवतं. वाशीतच साध्या ओपीडीत दाखवायचंय, हे समजवायला दोन दिवस गेले. गोळ्यांचा, बोलण्याचा, दोन्हींचा गुण आला. दाजींना कुणी विचारलं नाही. ते अजून रात्री उठून पाणी प्यायला जातात आणि तिकडंच बसतात, असं धाकटी सांगते.

मी आरोग्य केंद्राला एक अर्ज दिला. आशाच्या भेटी बाळाच्या ४२ व्या दिवसापर्यंत असतात आणि पुढची एकदम तिसऱ्या महिन्यात. धोक्याचं वय नेमकं त्या फटीत सुरू होतं, तर मधे एक भेट ठेवता येईल का. डिस्चार्जच्या वेळी दूध, नाळ, टाके, लसी सगळं सांगतात, तसं झोपवायचं कसं तेही सांगता येईल का: उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, आईच्याच खोलीत पण जमलं तर वेगळं, आजूबाजूला उशी-लोड नको, तोंडावर पांघरूण नको, घरात धूर नको. मॅडम म्हणाल्या, भेटींचं वेळापत्रक दिल्लीहून येतं, ते माझ्या हातात नाही. दुसरं माझ्या हातात आहे.

महिन्याभरानं लसीकरणाच्या खोलीबाहेर फ्लेक्स लागला. मजकूर सगळा बरोबर होता. वरचा फोटो छापणाऱ्यानं स्वतःच कुठूनतरी उचललेला, गोरंपान बाळ, झालरीच्या गुबगुबीत उशीवर झोपलेलं, काखेत टेडी. मी सिस्टरना दाखवला. त्या कपाळाला हात लावून हसल्या, आतून पांढरा कागद आणि फेव्हिकॉल आणला, आणि स्टुलावर चढून उशी झाकली. नवीन फ्लेक्सचा प्रस्ताव वर गेलाय, म्हणाल्या. टेडी बराच वर होता, त्यांचा हात पोचेना. तो मी झाकला.